बाहुलीचा पहारा

"कोणी हात लावू नका," घड्याळाचा कारागीर म्हणाला आणि सगळा दरबार श्वास रोखून उभा राहिला.

कोरियाच्या राजवाड्यातल्या त्या नव्या पाणघड्याळाजवळ म्हातारा दोकसूही होता. जुन्या घड्याळातलं पाणी किती चढलं ते बघून नगारा वाजवायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्याच्या नगाऱ्यावर शहराचे दरवाजे उघडत. कधी त्याचा डोळा लागला, तर दरवाजे उशिरा उघडत आणि त्याच्या पाठीवर अंमलदाराच्या छडीचे वळ उठत.

घड्याळातलं भांडं पाण्यानं भरलं. आत कुठेतरी एक गोळी घरंगळली. घड्याळावर बसवलेल्या लाकडी बाहुलीनं आपणहून हात उचलला आणि घंटेचा टोल दिला.

दोकसूनं बाहुलीच्या मागे जाऊन पाहिलं. तिथे माणूस नव्हता.

"ही झोपत नाही?" त्यानं विचारलं.

"कधीच नाही," कारागीर म्हणाला.

दोकसूनं बाहुलीसमोर जमिनीला कपाळ टेकलं आणि तिथेच खांबाला पाठ लावून बसला.

पुढचा टोल ऐकायला दरबार पुन्हा जमला, तेव्हा तो घोरत होता. काहीजण हसू लागले. छडीवाल्या अंमलदारानं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.