तिसऱ्या ओळीचा सूर

“ही चाल तुमची नाही, असं समितीकडे पत्र आलंय,” गाण्याच्या स्पर्धेच्या समितीवरच्या उत्तरा साने म्हणाल्या आणि त्यांनी टेपरेकॉर्डर चटईवर ठेवला.

गुणाजी मनमोकळं हसला. “मॅडम, गेल्या गणपतीत इथेच वर माळ्यावर बसून बांधलेली चाल. विचारा कोणालाही.”

त्याची छाती फुगलेली होती आणि ती फुगायला कारणही तसंच होतं. दिवसा डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात पिंपं ढकलणारा, संध्याकाळी जुन्या कॅसिओवर बोटं फिरवणारा हा खाडीकाठचा कोळ्याचा मुलगा. दिल्लीच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो गेला, गायला आणि पहिला आला. ‘सखे, जाताना मागे पाहू नको’ असं संथ, हळवं पॉप गाणं. तिसऱ्या ओळीला त्याचा सूर एकदम वर चढायचा आणि तिथंच दिल्लीत टाळ्या पडल्या होत्या. पुढच्या महिन्यात हेच गाणं सोळा देशांच्या स्पर्धेत माल्टाला जायचं होतं. पासपोर्ट आला होता, कोटही शिवून झाला होता. नियम एकच होता. चाल गाणाऱ्याची स्वतःची हवी, लोकगीत चालणार नाही.

उत्तराबाईंनी बटण दाबलं. आंबिवलीच्या कुठल्याशा हळदीत कोणीतरी टेप केलेलं होतं. बांगड्या वाजत होत्या, मुलं ओरडत होती आणि त्या गलक्यात पंधरावीस बायका गात होत्या. ‘लेकी, जाताना मागं बघू नको.’ चाल तीच, अगदी हुबेहूब.

गुणाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बायकांच्या पुढे गाणारा तो घोगरा आवाज त्याने जन्मापासून ऐकला होता.

“आये!” त्याने हाक मारली.

चंद्रभागा ओट्यावर बोंबील निवडत होती. ती पंचक्रोशीतली धवलारीण. मांडवात धवले गाऊन लग्नं लावायचं काम तिचं. तिने आत येऊन टेप ऐकला आणि पदराला हात पुसले.

“मीच घेतली,” ती म्हणाली. “हा वर माळ्यावर वाजवायचा, मी खाली कामात. माझे डोक्यान बसली. एका हळदीला ‘सखे’ काढून ‘लेकी’ घातलं. बाया रडल्या, मग पुढच्या लग्नाला लोकांनी मागून घेतली. सगळा सीझन गायलेली मी.”

धवले वाडवडलांचे असतात, त्यात आपलं काही घालायचं नसतं, असं आजवर सगळ्यांना बजावणारी ही बाई. परक्या माणसासमोर हे कबूल करताना तिची मान खाली गेली. मुलासाठी तिने तेही केलं. गुणाजीला ते लागलं.

उत्तराबाई भल्या होत्या, पण नियमाला पक्क्या. “आई मुलाच्या बाजूने बोलणारच. दुसरं कोणी आहे का, जुनी गाणी जाणणारं?”

गुणाजीच्या जिवात जीव आला. “शेजारची रखमाबाई! ऐंशीची आहे. गावातला एकेक धवला तिला पाठ. खोटं तर तिच्या बापजन्मात नाही. ती सांगेल, गेल्या गणपतीआधी ही चाल कोणी ऐकलेली नाही म्हणून.”

रखमाबाई काठी टेकत आली, भिंतीला पाठ लावून बसली. गुणाजीने कॅसिओ पुढे घेतला आणि खड्या आवाजात अख्खं गाणं म्हटलं. आज तो दिल्लीपेक्षाही छान गायला.

गाणं संपलं तेव्हा म्हातारीचे डोळे भरले होते.

“माझे लग्नानली ही,” ती म्हणाली. “मना होडीत बसवली. आई काठावर उभी. बाया हेच गात होत्या. मी केवढी रडलेली! आई परत दिसलीच नाय मना. त्याच पावसाळ्यात गेली ती.”

“आजी, नीट आठवून सांगा,” गुणाजी कळवळून म्हणाला. “हीच चाल?”

“अरे, आईला निरोप दिला ती चाल इसरेन मी?”

उत्तराबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि आवाज खाली आणला. “गुणाजी, माझा तुमच्यावर विश्वास बसलाय. आजींचं वय झालंय. वयामुळे त्यांची आठवण भरकटते, एवढं एक वाक्य तुम्ही सांगा. मी तसं लिहिते आणि गाणं माल्टाला जातं.”

गुणाजीने रखमाबाईकडे पाहिलं. ती अजून तिथंच होती, साठपासष्ट वर्षांमागच्या त्या होडीत, आणि तिच्या कानात गाणं होतं ते त्याचं. मागच्या गणपतीत बांधलेलं, यंदा लग्नांत चंद्रभागेच्या तोंडून तिने ऐकलेलं. त्याला हसूही आलं आणि रडूही. असा मान दिल्लीने दिला नव्हता. माल्टाला तरी कोण देणार होतं?

“आजी बरोबर सांगतायत,” तो म्हणाला. आवाजात जराही कंप नव्हता. “पारंपरिक लिहा, मॅडम.”

चंद्रभागेने तोंडाला पदर लावला. उत्तराबाईंनी त्याच्याकडे दोन वेळा पाहिलं, मग लिहिलं, सही घेतली आणि टेपरेकॉर्डर पिशवीत घातला.

त्या उठणार एवढ्यात रखमाबाईने काठी आपटली. “पण पोरा, तू चुकतोस हां. तिसऱ्या ओळीला वर जातोस. तिथं खाली यायचं. लेक घर सोडून चाललेली, बायांचा गळा दाटलेला. आवाज वर जाईल कसा?”

गुणाजीने कॅसिओ मांडीवर ओढला, पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला खाली आला. चंद्रभागेने मागून सूर धरला. दारात उभ्या उत्तराबाईंनी पिशवी खाली ठेवली.

“हां,” रखमाबाई म्हणाली, “आता शिकलास.”