जा की ये

चंपाक्का भाकरी थापत होत्या, तेवढ्यात भिंतीवरचा पोलीस खात्याचा डबा बोलू लागला. "फौजदार वैजयंता यांना पोटात सुरा लागला आहे. संशयित समोर पळतो आहे. जा किंवा ये, एवढंच सांगा."

पोलिसांच्या अंगातलं जाकीट वेदना मारून टाकायचं, म्हणून जखमेबद्दल जखमी माणसाचं मत खातं धरत नसे. घरच्यांनीच सांगायचं.

"आई, जा म्हण!" डब्यातून लेक धापा टाकत ओरडली. "पोरी पळवणारा हाच गं! मला काही दुखत नाहीये."

"दुखेल कशानं? मेल्यांनी दुखणंच काढून घेतलंय!" चंपाक्का फणकारल्या. पण लेकीच्या वर्दीचा तोरा गावभर मिरवला होता त्यांनीच. माघारी कुठल्या तोंडानं बोलवायचं? जाऊ दे तिला, असं त्यांनी मन घट्ट करून ठरवलं. आणि उंबऱ्यातून निघणाऱ्याला जन्मभर जे म्हटलं, तेच तोंडून निघालं.

"ये बाई."

हुकूम मिळताच तिकडे लेकीच्या अंगातलं जाकीट ताठरलं आणि ती जागच्या जागी अडकली. संशयित नाल्यापलीकडे दिसेनासा झाला.

दवाखान्यात वैजयंता भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आणखी पळाले असते तर मेले असते म्हणे. आई, खरं सांग. तुला जा म्हणायचं होतं ना?"

"निघणाऱ्याला जा म्हणतात होय गं आपल्यात?" चंपाक्कांनी पांघरूण सारखं केलं.

बाहेर बाकावर पळवलेल्या पोरीची आई बसली होती. घरी जायचं तर तिच्यासमोरूनच जावं लागणार होतं. चंपाक्का उठल्याच नाहीत.