टायरांचा गुंठा

दुष्काळात शेत पडीक पडलं आणि शहर वाढत वाढत बांधाला येऊन टेकलं. रामेश्वरनं भंगारातली, लांब नाकाची जुनी अमेरिकन गाडी ओढत शेतातल्या शेडमध्ये आणली आणि एकेक गुंठा विकून ती उभी करायला घेतली. एका गुंठ्यात मूळच्याहून दांडगं इंजिन आलं, एकात गिअरबॉक्स, शेवटच्यात रुंद टायर. भोवती घरं उठत गेली. हा आपला बॉनेटखाली डोकं घालून.

“गाडी झाली की मला आधी हर्सूलच्या देवीला नेशील नं रं?” आई, चतुराबाई, दर वर्षी विचारायची.

“पहिल्यांदा तूच बसशील, माय.”

आठव्या वर्षी चतुराबाई नवं लुगडं नेसून, ओटीचं सामान मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. रामेश्वरनं किल्ली फिरवली तसे शेडचे पत्रे थडथडले. त्यानं उतरून दार सताड उघडलं.



समोर टायरांच्या गुंठ्यावरचं घर होतं, आणि बाजूच्या ज्या बोळीतून तो रोज पायी ये-जा करायचा, ती गाडीच्या रुंदीच्या निम्मीही नव्हती.