टेकडीपल्याडचं पाणी

"द्वारकाबाई, ओली माती कुठंय तेवढं सांगा. उद्या बायकोमुलांना घेऊन मंगळावर उतरतोय," त्र्यंबकराव म्हणाले.

द्वारकाने यानाच्या पडद्यावर नकाशा उघडला. खडकांवरून परतणाऱ्या उजेडावरून ती पाणी धरणारी माती ओळखायची. पण तो उजेड जमिनीची नुसती वरची साल दाखवतो. मागे तिने हे परोपरीने सांगितलं होतं. "बाई, रंग दिसतोय ना, मग झालं," म्हणत याच माणसाने तिच्या नवऱ्याला, भानुदासला, तिथल्या एका टेकडीच्या पायथ्याशी खोदायला धाडलं. ओल्या मातीचा तो रंग वाऱ्याने आणून पसरलेल्या धुळीचा निघाला. भानुदास तिथेच तहानेने गेला. त्या लाल मातीने तिचं कुंकू गिळलं.

आता जमिनीत खोलवर जाणाऱ्या रडारने तपासून तिला पाण्याच्या दोन जागा पक्क्या ठाऊक झाल्या होत्या. त्यातली सपाट, सोयीची जागा तिने नकाशावरून हळूच पुसून टाकली.

"त्याच टेकडीच्या पल्याड पाणी आहे. खोटं सांगत नाही."

"आणि वाट?"

"एकच आहे. भानुदासवर रचलेल्या दगडांना लागून जाते. रोज जा पोरांना घेऊन पाण्याला. ती विचारतीलच, इथं कोण निजलंय, कशानं गेला. तुमच्याच तोंडानं सांगा त्यांना."