दुभाषी

थर्टी फर्स्टच्या दुपारी न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या त्यांच्या घरामागे बार्बेक्यू पेटला होता, पाहुणे यायचे होते. "आज जरा कमी प्या," एवढंच सरला नवऱ्याला म्हणाली. धैर्यशीलने केस धरून तिचं तोंड दारावर आपटलं आणि ती पडल्यावर लाथा घातल्या. किंकाळ्या ऐकून शेजारणीने पोलिसांना फोन केला.

"काय झालं?" दारात आलेल्या पोलीसबाईने विचारलं. सरलाचा ओठ फाटून रक्त गळत होतं. इंग्रजी बोलायचं म्हटलं की ती अडखळायची, म्हणून बारा वर्षांच्या लेकीला म्हणाली, "शाल्मली, पाय घसरून पडले म्हणून सांग त्यांना." मागे धैर्यशील हाताची घडी घालून उभा होता.

शाल्मलीने पोलीसबाईकडे बघून स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणतेय, पप्पांनी मारलं. नेहमीच मारतात."

"खोटं बोलतेय कार्टी!" धैर्यशील तिच्या अंगावर धावला. पोलीसबाई मध्ये आडवी आली आणि तिने सरलालाच विचारलं, "तुम्ही असंच म्हणालात?"

तेवढं इंग्रजी सरलाला कळत होतं. तिने लेकीचा हात घट्ट धरला.

"येस," ती म्हणाली. "आय सेड."