फॉस्फरस जास्त

बायको गेल्यानंतरचा कामावरचा माझा पहिला दिवस. भट्टीतल्या पोलादाचा नमुना घेऊन मी लॅबच्या खिडकीशी गेलो. या खिडकीमागे बावीस वर्षं ती बसायची. आता तिच्या जागी एक नवी मुलगी आली आहे.

नमुना तपासून मुलगी म्हणाली, "काका, फॉस्फरस जरासाच जास्त आहे. आज पास करते. तुमच्यावर आधीच एवढं कोसळलंय."

"हे पोलाद पुलासाठी चाललंय, बाई. फॉस्फरस राहिला तर ते ठिसूळ होईल. माझं दुःख बघून ते मजबूत होणार आहे का? परत पाठव."

मी भट्टीत आणखी चुना टाकायला लावला. चुना फॉस्फरसला धरतो, दोघांचं कॅल्शियम फॉस्फेट होतं आणि पोलादावर तरंगणाऱ्या मळीत जातं. ही मळी थंड झाली की दळून शेतात खत म्हणून घालतात. बायको म्हणायची, "पोलादाचं विष ते पिकाचं अन्न. तुमच्या रागाचंही असं काही करता आलं असतं तर!"

दुसरा नमुना पास झाला.

मुलगी हसून म्हणाली, "मी तर ऐकलं होतं, नमुना परत आला की तुम्ही याच खिडकीत काकूंशी कडाकडा भांडायचात."

"भांडायचो की! लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा परत पाठवला होता तिने."

"मग आज काय झालं?"

"तेव्हा 'नाही' म्हणायला ती होती, पोरी. म्हणून तर मला भांडता यायचं."