ओली गाठ

"विणलेला दोरा मजबूत, पण लगेच दिसतो. नायलॉनचा तंगूस ताणला की लांबतो," दुकानदार म्हणाला. "हा फ्लुरोकार्बनचा घ्या. सहसा दिसत नाही, फारसा लांबतही नाही."

तिने दोरा हातरुमालावर गुंडाळून जीव खाऊन ओढला. तुटला नाही.

"मासा केवढा आहे?"

"साठ किलो. आठवड्यात दोनदा निसटलाय."

घरी तिने दोऱ्याचं एक टोक खाटेला बांधलं, दुसरं वडिलांच्या कमरेच्या पट्ट्याला. सुती दोरी दिसली की ते रडायचे. जन्मभर मासेमारी केलेले वडील आज तिच्या हातांकडे बघत होते. मग वाकून त्यांनी गाठीला थुंकी लावली.

"कोरडी आवळू नका, बाई. तुटेल. तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?"

त्यांनीच शिकवलं होतं.